संपूर्ण रक्त, प्लेटलेट की प्लाझ्मा? खान्देशातल्या रक्तदात्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या शिबिरांत आणि व्हॉट्सॲपवर फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वय, वजन, अंतर यांचे आकडे देशभर लागू असलेल्या नियमांतले आहेत. त्या दिवशी तुमचं रक्त घ्यायचं की नाही, हे मात्र समोरचे डॉक्टर तुम्हाला तपासूनच ठरवतात.

१. रक्तदान म्हणजे रक्तदान. त्यात प्रकार कसले?

शिबिरात पिशवी भरते ते संपूर्ण रक्त. पुढे रक्तकेंद्रात ती पिशवी यंत्रात फिरवून तिचे भाग वेगळे करतात: तांबड्या पेशी, प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) आणि प्लाझ्मा (रक्तातला पिवळसर द्रव). त्यामुळे एका पिशवीचा उपयोग दोन-तीन रुग्णांना होऊ शकतो.

दुसऱ्या प्रकाराला अफेरेसिस म्हणतात. यात तुम्ही यंत्राला जोडलेले असता. यंत्र रक्त घेतं, हवा तो भाग काढून ठेवतं आणि बाकीचं तुमच्याच शरीरात परत सोडतं. आपल्याकडे ही पद्धत मुख्यतः प्लेटलेटसाठी वापरतात. डॉक्टर त्याला ‘एसडीपी’ म्हणजे सिंगल डोनर प्लेटलेट म्हणतात. फक्त प्लाझ्मा देण्याची वेळ क्वचित येते. २०२० मध्ये करोनातून बरे झालेल्यांकडून प्लाझ्मा घेत होते, तो याच पद्धतीने. यंत्रावर दुप्पट तांबड्या पेशी देण्याचाही एक प्रकार आहे, पण आपल्या भागात तो तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता फार कमी.

२. मी पहिल्यांदाच देतोय. थेट प्लेटलेट देऊ का?

आधी एकदा संपूर्ण रक्त द्या. सुई टोचल्यावर तुम्हाला घेरी येते का, शिरा नीट सापडतात का, हे त्या पाच-दहा मिनिटांत कळतं. यंत्रावर तास-दीड तास बसायचं तर ही माहिती तुम्हालाही हवी आणि तिथल्या ताई-दादांनाही. पण कुणाला तातडीने प्लेटलेट लागत असतील आणि तुम्ही तपासणीत बसत असाल, तर पहिल्या वेळीही देता येतात.

३. वय, वजन, हिमोग्लोबिन किती लागतं?

संपूर्ण रक्तासाठी वय १८ ते ६५. पहिल्यांदा देणारा मात्र ६० च्या आतला हवा. ३५० मिलिलिटरसाठी किमान ४५ किलो वजन, ४५० मिलिलिटरसाठी ५५ किलोच्या वर. हिमोग्लोबिन पुरुष असो की स्त्री, किमान १२.५.

अफेरेसिससाठी वय १८ ते ६०, वजन किमान ५० किलो आणि प्लेटलेटची संख्या दीड लाखाच्या वर. शिवाय कोपराच्या आतली शीर ठळक हवी. ही शेवटची अट कुठल्या पोस्टरवर नसते, पण बरेच जण तिच्यामुळेच परत येतात. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. तुमचं संपूर्ण रक्त तितकंच लागतं.

४. माझी तब्येत उत्तम आहे, दोन्ही देऊ शकतो. मग काय द्यावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आमचं मत असं: संपूर्ण रक्त कुणी मागण्याची वाट न पाहता द्यावं आणि प्लेटलेट मागणी आल्यावर द्याव्यात.

याचं कारण साठवणीत आहे. तांबड्या पेशी २ ते ६ अंश तापमानात ३५ दिवस टिकतात, विशिष्ट द्रावणात ४२ दिवस. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो. प्लेटलेट मात्र २० ते २४ अंशांवर सतत हलत ठेवाव्या लागतात आणि तरीही पाचच दिवस टिकतात. त्यांचा साठा करून ठेवता येत नाही. म्हणून तुमचं नाव आणि नंबर रक्तकेंद्राच्या प्लेटलेट यादीत असणं आणि फोन आल्यावर तुम्ही निघणं, हेच महत्त्वाचं.

आता आपल्याकडचं वर्षाचं चक्र पाहा. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीकडे जातो. कॉलेजं बंद, लग्नसराई जोरात, शिबिरं जवळपास थांबलेली. अपघात, बाळंतपणं आणि ऑपरेशनं मात्र थांबत नाहीत. वर्षातून एकदाच रक्त देणार असाल तर ते आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास द्या. सकाळी लवकर जा, आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्या.

पावसाळ्याच्या शेवटी चित्र बदलतं. सप्टेंबर ते नोव्हेंबर डेंग्यूचे दिवस, त्यामुळे प्लेटलेटची मागणी वाढते. इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. तुम्ही संपूर्ण रक्त दिलंत की पुढचे २८ दिवस प्लेटलेट देता येत नाहीत. म्हणून यादीत नाव असलेल्यांनी या तीन महिन्यांत शिबिराला जाण्याआधी रक्तकेंद्राला एक फोन करून विचारावं: “माझी गरज कशासाठी जास्त आहे?”

आणखी एक. जयंती, पुढाऱ्यांचे वाढदिवस, १४ जूनचा जागतिक रक्तदाता दिन, १ ऑक्टोबरचा राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन, अशा दिवशी एकाच शहरात अनेक शिबिरं होतात आणि पिशव्यांचा ढीग लागतो. दीड महिन्याने त्यातल्या उरलेल्या तांबड्या पेशींची मुदत संपते आणि नेमक्या तेव्हाच पुन्हा टंचाई असते. त्या दिवशी तुमच्या गटाचा साठा भरपूर असेल तर तीन-चार आठवडे थांबून केंद्रात जाऊन द्या. साठा ‘ई-रक्तकोष’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतो. तरी फोन करून खात्री केलेली बरी.

५. मना गट ओ निगेटिव्ह शे. मी काय देऊ?

भाऊ, तुम्ही संपूर्ण रक्त द्या, पण सांभाळून. ओ निगेटिव्हच्या तांबड्या पेशी वेळ पडली तर कोणत्याही गटाच्या रुग्णाला चढवता येतात. रक्तगट तपासायलाही सवड नसते तेव्हा हीच पिशवी कामी येते. आपल्याकडे आरएच निगेटिव्ह माणसं शंभरात पाचेक, त्यातही ओ निगेटिव्ह फार थोडी. म्हणून सणासुदीच्या शिबिरात उत्साहाने देऊन टाकण्यापेक्षा केंद्राकडे नाव नोंदवून ते बोलावतील तेव्हा देणं जास्त उपयोगी पडतं. बाकीच्या निगेटिव्ह गटांनाही हेच लागू.

६. माझा गट एबी पॉझिटिव्ह आहे. “तुमचं रक्त कुणाला चालत नाही” असं ऐकावं लागतं. मग देऊन उपयोग काय?

तुमच्या तांबड्या पेशी फक्त एबी पॉझिटिव्हलाच चालतात, हे खरं. पण प्लाझ्माचं गणित नेमकं उलटं आहे. एबी गटाच्या प्लाझ्मात ए किंवा बी विरुद्धची प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी) नसतात, म्हणून तो कोणत्याही गटाच्या रुग्णाला देता येतो. भाजलेला रुग्ण, बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेली आई, घोणस चावल्यावर रक्त गोठणं बिघडलेला शेतकरी (त्याचं मुख्य औषध प्रतिविषच, पण कधी प्लाझ्माही द्यावा लागतो), अशा वेळी तो कामाला येतो. यंत्रावर प्लेटलेट देण्यासाठी एबी गट फार चांगला, कारण प्लेटलेट प्लाझ्मातच तरंगत असतात. तुमच्या गटाबद्दल तसं बोलणाऱ्यांना हे जरूर सांगा.

७. प्लेटलेट देताना नेमकं काय होतं? फार वेळ जातो का?

आधी नमुना घेतात. गट, प्लेटलेटची संख्या आणि एचआयव्ही, कावीळ बी व सी, गुप्तरोग, मलेरिया या पाच तपासण्या होतात. त्यात काही तास जातात. म्हणून सकाळी नमुना द्यायचा आणि दुपारी यंत्रावर बसायचं, असं बऱ्याचदा होतं. यंत्रावर साधारण तास ते दीड तास.

खुर्ची आडवी करतात. दंडाला पट्टा आणि हातात दाबायला मऊ चेंडू. एक चक्र रक्त घेण्याचं, एक परत सोडण्याचं. परत येणारं रक्त थोडं गार लागतं, म्हणून मे महिन्यातही पांघरूण देतात. पंधरा-वीस मिनिटांनी ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ शकतात. रक्त गोठू नये म्हणून यंत्रात सायट्रेट घालतात, ते थोडा वेळ शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, त्याचा हा परिणाम. लगेच सांगा. वेग कमी करतात, कॅल्शियमची गोळी देतात आणि मुंग्या जातात. लाजून गप्प बसू नका.

शेवटी बाजूच्या पिशवीत पिवळसर, किंचित गढूळ द्रव जमलेला दिसतो. हलक्या हाताने ती पिशवी उजेडात हलवली की आत धुरासारख्या लाटा फिरतात. निरोगी प्लेटलेटची हीच खूण तंत्रज्ञ पाहतात. सुट्या पिशव्यांतून इतक्या प्लेटलेट जमवायला साधारण सहा दाते लागतात. इथे ते काम एकटा माणूस करतो, म्हणून रुग्णाच्या अंगात एकाच माणसाचं रक्त जातं.

८. दोन दानांमध्ये किती अंतर ठेवायचं?

संपूर्ण रक्त: पुरुषांनी ९० दिवसांनी, स्त्रियांनी १२० दिवसांनी. प्लेटलेट: किमान ४८ तासांनी, आठवड्यात दोनदाच, वर्षात जास्तीत जास्त २४ वेळा. संपूर्ण रक्तानंतर प्लेटलेट २८ दिवसांनी, आणि प्लेटलेटनंतर संपूर्ण रक्तही २८ दिवसांनी. एक अपवाद आहे. यंत्र मध्येच बंद पडलं आणि तुमच्या तांबड्या पेशी पूर्ण परत गेल्या नाहीत, तर ९० दिवस थांबावं लागतं. असं झालं तर केंद्राकडून कागदावर लिहून घ्या, नाहीतर पुढच्या ठिकाणी कुणाला कळणार नाही.

९. “डेंग्यूचा पेशंट, प्लेटलेट अर्जंट पाहिजे” असा मेसेज आला. निघण्याआधी काय विचारू?

चार गोष्टी: कोणतं रुग्णालय, कोणतं रक्तकेंद्र, रुग्णाचा गट, आणि एसडीपी हवी आहे की साध्या पिशवीतल्या प्लेटलेट. शेवटचं उत्तर नातेवाइकांना अनेकदा माहीत नसतं. तेव्हा थेट रक्तकेंद्राला फोन लावा. पंधरा दिवसांपूर्वीचा मेसेज आजही फिरत असतो, तोही तिथेच कळतो.

नातेवाइकांनाही एक सांगणं आहे. प्लेटलेट साठ हजारांवर आल्या की घरात रडारड सुरू होते. पण रक्तस्राव नसेल तर डेंग्यूत साधारणपणे दहा हजारांच्या खाली गेल्यावरच प्लेटलेट चढवण्याचा विचार होतो. त्यावर संख्या आपोआप चढणारे रुग्ण खूप असतात. कधी चढवायच्या ते डॉक्टरांना ठरवू द्या. केमोथेरपी चालू असलेल्या कर्करुग्णांना प्लेटलेट बारा महिने लागतात, आणि त्यांच्यासाठी फारसे मेसेज फिरत नाहीत.

१०. मी साक्रीकडच्या खेड्यात राहतो. गावच्या शिबिरात प्लेटलेट देता येतील?

नाही. अफेरेसिसचं यंत्र शिबिरात आणत नाहीत आणि त्याचा परवानाही सगळ्या केंद्रांकडे नसतो. धुळे किंवा जळगावला जावं लागेल, तेही फोनवर वेळ ठरवून. रोजची मजुरी बुडवून, एसटीने इतकं अंतर जाऊन प्लेटलेट द्यावी अशी अपेक्षा कुणीच ठेवू नये. गावातल्या शिबिरात संपूर्ण रक्त द्या. त्यातूनही प्लेटलेट निघतात. ग्रामीण रुग्णालयांतल्या रक्त साठवणूक केंद्रांपर्यंत पिशव्या पोचतात त्या अशाच शिबिरांमुळे.

११. हिमोग्लोबिन कमी म्हणून दर वेळी परत पाठवतात. काय करू?

ताई, हा प्रश्न बहुतेक वेळा बायकांकडूनच येतो. शिबिरात तुमच्या बोटाचा थेंब निळ्या पाण्यात, म्हणजे मोरचुदाच्या द्रावणात टाकतात. थेंब सरळ बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसं, तरंगला किंवा घुटमळला तर कमी. थेंब बुडला नाही तर ती तुमच्या तब्येतीची सूचना समजा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नीट तपासणी करून घ्या.

एका दानात साधारण दोनशे मिलिग्रॅम लोह जातं. बाजरीची भाकरी, मेथी, पोकळा, तीळ आणि त्यासोबत लिंबू घ्या. जेवणाला लागून चहा मात्र टाळा, कारण तो लोह अंगी लागू देत नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर पूर्ण संपवा. प्लेटलेट देताना तांबड्या पेशी परत मिळतात, तरी १२.५ ची अट तिथेही आहेच. त्यामुळे ती पळवाट होत नाही.

१२. आदल्या रात्री शेवभाजी खाल्ली तर चालेल का? आणि उपवास असेल तर?

रात्री खाल्लेल्या शेवभाजीने फारसं बिघडत नाही. दान करण्याआधीच्या दोन-तीन तासांत तर्रीदार शेवभाजी, पाटोडीची भाजी किंवा तळलेलं टाळा. तेल-तुपाने प्लाझ्मा दुधासारखा पांढरट होतो आणि तो टाकून द्यावा लागतो. प्लेटलेट देणाऱ्याने हे कटाक्षाने पाळावं. पोळी-वरण, खिचडी, केळी, काहीही साधं चालतं.

उपाशीपोटी मात्र देऊच नका. श्रावणी सोमवार, नवरात्र, रोजा यांपैकी काहीही असो, दिवस बदला. साबुदाण्यावर काढलेल्या दिवसानंतर रक्त देऊन घेरी येण्यात कुणाचंच भलं नाही.

१३. दोन बाळंतपणं झाली आहेत. प्लेटलेट देऊ शकते का?

संपूर्ण रक्त: बाळंतपणानंतर वर्षभर आणि अंगावर पाजत असेपर्यंत नाही. गर्भपातानंतर सहा महिने नाही. पाळीच्या दिवसांतही घेत नाहीत. त्यानंतर खुशाल द्या. प्लेटलेट आणि प्लाझ्माच्या बाबतीत थोडं वेगळं आहे. गरोदरपणात काही स्त्रियांच्या रक्तात अशी प्रतिद्रव्यं तयार होतात की प्लाझ्मा चढवल्यावर रुग्णाच्या फुप्फुसांना धोका होऊ शकतो. म्हणून काही केंद्रं प्लेटलेटसाठी पुरुष दाते किंवा गरोदर न राहिलेल्या स्त्रिया पसंत करतात. तुमच्या तांबड्या पेशींची गरज तेवढीच आहे.

१४. नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण खूप आहेत. त्यांच्यासाठी काय द्यावं?

त्यांना तांबड्या पेशी लागतात, म्हणजे तुम्ही संपूर्ण रक्त द्यायचं. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या सातपुड्यातल्या तालुक्यांत भिल्ल, पावरा, गावित समाजांत तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आहे. सगळ्या रुग्णांना सतत रक्त लागत नाही. पण रक्त अचानक फार कमी झालं, फुप्फुसांचा अचानक तीव्र त्रास (ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम) झाला, लकवा झाला किंवा बाळंतपण अवघड झालं तर ताबडतोब लागतं.

अशा रुग्णांना पुन्हा पुन्हा रक्त चढवलं की त्यांच्या शरीरात उपगटांविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होतात. मग नुसता ए, बी, ओ जुळून भागत नाही. आरएचचे बाकीचे उपगट आणि केल हा गटही जुळवावा लागतो. हे उपगट आपापल्या समाजात जुळण्याची शक्यता जास्त. त्यामुळे त्या पाड्यांवरच्या निरोगी तरुणांनी नियमित रक्त देणं फार मोलाचं आहे. शहरातल्या शिबिरांनी ते भरून निघत नाही. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त विनामूल्य द्यायचं धोरण आहे. कुणी पैसे मागितले तर जिल्हा रुग्णालयात तक्रार करा.

१५. मी स्वतः सिकलसेलचा वाहक आहे. माझं रक्त चालेल?

आजार असणाऱ्याने रक्त देऊ नये. वाहकाने (ज्याच्यात हा दोष आई-वडिलांपैकी एकाकडूनच आला आहे, पण आजार नाही) फॉर्मवर तसं स्पष्ट लिहावं, निर्णय केंद्राचे डॉक्टर घेतील. वाहकाचं रक्त नवजात बाळाला किंवा सिकलसेलच्याच रुग्णाला देत नाहीत, आणि पांढऱ्या पेशी गाळायच्या फिल्टरमध्ये ते अडकतंही. लपवलंत तर नेमक्या चुकीच्या रुग्णापर्यंत पिशवी जाऊ शकते.

१६. मी भुसावळला लोको पायलट आहे / केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे.

ड्युटीवर जाण्याआधी किमान २४ तास मोकळे असतील तरच द्या. रात्रपाळी करून झोप न घेता आलात तरीही घेत नाहीत. रजेच्या पहिल्या दिवशी सकाळी येणं उत्तम. प्लेटलेटलाही हाच नियम.

१७. बीपी, शुगर, डोकेदुखीच्या गोळ्या चालू आहेत.

बीपी औषधाने आटोक्यात असेल आणि चार आठवड्यांत औषध बदललेलं नसेल तर चालतं. शुगरच्या गोळ्या चालतात, इन्सुलिन नाही. ॲस्पिरिन घेतली असेल तर प्लेटलेटसाठी तीन दिवस थांबा, क्लोपिडोग्रेल या हृदयरोगात देतात त्या गोळीसाठी दोन आठवडे. या औषधांनी प्लेटलेट एकमेकींना चिकटेनाशा होतात. पण हृदयासाठी दिलेली गोळी रक्तदानासाठी स्वतःहून कधीही बंद करू नका.

१८. मागच्या वर्षी डेंग्यू झाला होता. यात्रेत टॅटूही काढला.

डेंग्यू किंवा चिकुनगुनिया पूर्ण बरा झाल्यावर सहा महिने, मलेरियानंतर तीन महिने, टायफॉइडनंतर बारा महिने. टॅटू, कान-नाक टोचणं आणि कुत्रा चावल्यानंतरची लस, यांना बारा महिने. सारंगखेड्याच्या यात्रेत डिसेंबरमध्ये टॅटू काढला असेल तर पुढच्या यात्रेपर्यंत थांबा. लहानपणीच्या जुन्या गोंदणाला अडचण नाही.

१९. सख्ख्या भावाचं ऑपरेशन आहे. माझंच रक्त त्याला द्या म्हटलं तर डॉक्टर नको म्हणाले. असं का?

रक्ताचं नातं असलेल्यांच्या पेशी इतक्या सारख्या असतात की चढवलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात टिकून त्याच्यावरच उलटू शकतात. हे क्वचित घडतं, पण घडलं तर बहुधा जीवघेणं ठरतं. टाळायचं तर त्या रक्तावर किरणोत्सर्गाची प्रक्रिया करावी लागते. त्याऐवजी तुम्ही साठ्यात रक्त द्या, भावाला दुसऱ्याचं मिळेल. भावाला पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपण लागणार असेल तर घरच्यांनी त्याला रक्त किंवा प्लेटलेट देऊच नये. पुढे मूल हवं असलेल्या बायकोला नवऱ्याचं रक्त देणंही शक्यतो टाळतात.

२०. प्लेटलेटसाठी कुणी पैसे देऊ केले तर घ्यावेत का?

नाही. पैसे घेऊन रक्त देण्यावर देशात १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. केंद्र रुग्णाकडून घेतं ते तपासणी आणि प्रक्रियेचं शुल्क. एसडीपीचं शुल्क हजारांत जातं, कारण किट महाग असून एकदाच वापरता येतं. चहा-बिस्किटं आणि गाडीभाड्याची सोय झाली तर हरकत नाही.

२१. शिबिरात ओ पॉझिटिव्ह सांगितलं, पण मोठ्या केंद्रातून “पुन्हा तपासू” म्हणून फोन आला. घाबरू का?

घाबरू नका, पण जरूर जा. एक शक्यता बॉम्बे रक्तगटाची असते. डॉ. य. म. भेंडे यांनी तो १९५२ मध्ये मुंबईत शोधला. साध्या तपासणीत तो ओ सारखाच दिसतो, एच प्रतिजनाची (तांबड्या पेशींवरच्या एका खुणेची) वेगळी तपासणी केल्यावरच कळतो. या गटाच्या माणसाला फक्त याच गटाचं रक्त चालतं, ओ सुद्धा नाही. तुमचा गट बॉम्बे निघाला तर इथल्या प्रश्न ४ मधलं उत्तर तुम्हाला लागू नाही. शिबिरात रक्त देऊ नका. दुर्मीळ गटाच्या यादीत नाव नोंदवा, बोलावलं की संपूर्ण रक्त द्या, आणि सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्या, कारण हा गट त्यांच्यातही असण्याची शक्यता बरीच असते.